पुढच्या महिन्याची चिठ्ठी

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम या जोडऔषधाला स्किझोफ्रेनिया या भास आणि भ्रम होणाऱ्या मनोविकारासाठी मान्यता दिली, तेव्हापासून गोव्यातील फोंडा येथील आमच्या फार्मसीत त्याची चौकशी करणारे अधूनमधून येत असतात. कोणाला परदेशातील पुतण्याने बातमी पाठवलेली असते, कोणी वृत्तपत्रातील कात्रण चष्म्याच्या डबीत घालून आणलेले असते. हे आपल्याकडे केव्हा मिळेल, एवढेच त्यांना विचारायचे असते. त्यांना नीट उत्तर देता यावे म्हणून मी त्या औषधाविषयी आणि मग त्या अनुषंगाने स्किझोफ्रेनिया, बायपोलर (ज्यात उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येतात) आणि नैराश्य या तिन्ही आजारांच्या उपचारांवरील संशोधनाविषयी बरेच वाचले. मी डॉक्टर नाही, औषधविक्रेता आहे. त्यामुळे औषध मेंदूत काय करते यापेक्षा ते घेणारा माणूस पुढच्या महिन्यात चिठ्ठी घेऊन पुन्हा येतो का, याकडे माझे लक्ष अधिक जाते, हे आधीच सांगून ठेवतो.

नव्या औषधाची हकीकत मात्र खरोखरच वाचण्यासारखी आहे. १९५२ साली पॅरिसच्या सेंत-आन इस्पितळात ज्याँ दले आणि पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना देऊन पाहिले, आणि त्यानंतर सत्तर वर्षे या आजारावर जी जी औषधे आली ती सारी कमीअधिक प्रमाणात मेंदूतील डोपामीन या रसायनाच्या ग्राहकांवरच, म्हणजे ते रसायन टिपणाऱ्या पेशींवरील जागांवरच, काम करीत राहिली. झॅनोमेलिन हे वेगळ्या, मस्करिनिक नावाच्या ग्राहकांना चालना देते. ते मुळात अल्झायमरसाठी १९९० च्या दशकात तपासले गेले होते. त्या वेळी रुग्णांचे भास आणि भ्रम कमी झाल्याचे लक्षात आले, पण मळमळ आणि उलट्या इतक्या होत की औषध बाजूला ठेवावे लागले. पुढे कोणाला तरी सुचले की लघवीच्या तक्रारींसाठी वापरले जाणारे ट्रॉस्पियम, जे हेच ग्राहक अडवते पण मेंदूत फारसे शिरत नाही, ते जोडीला दिले तर पोटाचा त्रास आटोक्यात राहील आणि मेंदूतील परिणाम शाबूत राहील. इतकी साधी युक्ती, आणि तिला इतकी वर्षे लागली.

पण बातमीच्या कात्रणात पुढचा भाग नसतो. मान्यतेपूर्वीच्या मुख्य चाचण्या पाच आठवड्यांच्या होत्या. २०२५ मध्ये हेच औषध आधीच्या औषधाला जोड म्हणून देऊन पाहिले, तेव्हा ठरवलेल्या मुख्य निकषावर फरक सिद्ध झाला नाही. याच जातीच्या ग्राहकांवर काम करणारे दुसऱ्या कंपनीचे एम्राक्लिडिन नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन चाचण्यांत प्लॅसिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरू शकले नाही. याचा अर्थ नवे औषध कुचकामी आहे असा होत नाही. पाच आठवडे देखरेखीखाली औषध घेणे आणि पाच वर्षे घरी राहून घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि काउंटरवर उभ्या असलेल्या बहुतेक घरांचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा असतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

या दुसऱ्या प्रश्नावरही संशोधन झालेले आहे, फक्त त्याच्या बातम्या होत नाहीत. २००५ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे १,४६० स्किझोफ्रेनियाग्रस्तांना वेगवेगळी औषधे देऊन अठरा महिने त्यांचा पाठपुरावा करण्यात आला होता. कोणते औषध श्रेष्ठ, हे शोधणे हा चाचणीचा हेतू होता. हाती लागले ते हे की ७४ टक्के लोकांनी दिलेले पहिले औषध अठरा महिन्यांच्या आतच सोडले, कोणी गुण येत नाही म्हणून, कोणी वजन वाढते, अंग जड होते म्हणून, आणि पुष्कळांनी स्वतःच्या निर्णयाने. २०१२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला होता, तर औषधाऐवजी प्लॅसिबो दिलेल्यांमध्ये हेच प्रमाण ६४ टक्के होते. हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की माझ्या दुकानातील रोजचा अनुभव आकड्यांत मांडल्यासारखा दिसतो.

बायपोलरच्या बाबतीत तर औषध जुनेच आहे, स्वस्त आहे आणि आजही पहिल्या पंक्तीत आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या दहा रुग्णांवर लिथियमचा प्रयोग केला, १९५४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी ते शिस्तशीर चाचणीत तपासले, आणि तरीही अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला १९७० साल उजाडले. त्यामागे एक कारण असेही होते की १९४० च्या दशकात तेथे हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियमचे मीठ खायला दिले गेले, काही जण त्यात दगावले आणि नाव खराब झाले. दुसरे कारण कोणत्याही औषधविक्रेत्याला लगेच कळेल. लिथियम हे निसर्गात सापडणारे मूलद्रव्य, त्याचे पेटंट कोण घेणार आणि त्याची जाहिरात कोण करणार? आमच्याकडे कंपन्यांचे प्रतिनिधी येतात, रंगीत पत्रके ठेवून जातात. त्यांत लिथियमचे पत्रक मी क्वचितच पाहिले आहे.

आणि हेच औषध असे आहे की ज्याच्याविषयी घरच्यांना सर्वांत जास्त सांगावे लागते. लिथियमचा उपयोगी डोस आणि अपायकारक डोस यांत अंतर थोडे असते. म्हणून शेवटची गोळी घेतल्यापासून बारा तासांनी रक्त काढून त्याची पातळी तपासतात. रोजच्या उपचारात ती साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान राहावी लागते आणि दीडच्या पुढे गेली की धोका सुरू होतो. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्याही ठरावीक काळाने कराव्या लागतात. शरीरातील पाणी किंवा मीठ घटले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि पातळी चढते. आता गोव्यातील मे महिना डोळ्यांसमोर आणा. घामाच्या धारा लागलेल्या, त्यात एखाद्याचे जुलाब, त्यात कोणाचा निर्जळी उपास, आणि त्यातच रक्तदाब निघाला म्हणून घरच्यांनी एका दिवसात बंद केलेले मीठ आणि लोणचे. यांतील कोणतीही गोष्ट घरच्यांना औषधाशी संबंधित वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यातील एक प्रसंग सांगतो. सावईवेऱ्याकडच्या एक बाई भावाची औषधे नेहमी आमच्याकडून नेतात. भाऊ पन्नाशीचा, बागायत सांभाळणारा, अनेक वर्षे लिथियमवर स्थिर. त्या दिवशी त्या चिठ्ठी न घेता आल्या होत्या.

“भाई, भावाची कंबर धरली आहे. शेजारच्या वहिनींना त्या लाल गोळीने बरे वाटले, तीच द्या दहा.”

“ताई, दादांची ती पांढरी गोळी चालू आहे ना अजून, रात्रीची?”

“ती चालूच आहे. पण ती डोक्याची, ही कमरेची.”

लाल गोळी म्हणजे आयबुप्रोफेन. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडांतून लिथियम बाहेर पडण्याचा वेग कमी करतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे. मी त्यांना पॅरासिटामॉल दिले, भावाने पाणी आणि पेज नेहमीसारखी घ्यावी असे सांगितले, आणि हात अधिक थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोबडे बोलणे झाले किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले तर वाट न पाहता इस्पितळात न्या, असे एका कागदावर लिहून दिले. त्यांनी तो कागद वाचला आणि मला विचारले की हे इतकी वर्षे कोणी आम्हाला कसे सांगितले नाही. कोणी सांगितले असेलही. पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्ण समोर बसलेला असताना बहिणीच्या कानावर काय पडले आणि त्यातले काय लक्षात राहिले, याचा भरवसा कोण देणार?

या प्रकारच्या सांगण्याला उपचार म्हणावे की नाही, याचे उत्तर बार्सिलोनातील एका अभ्यासाने २००३ मध्ये देऊन ठेवले आहे. तेथे बायपोलर असलेल्या १२० जणांपैकी निम्म्यांना औषधाखेरीज एकवीस बैठकांचे गटशिक्षण दिले गेले. त्यात आजाराची ओळख, औषध का सोडू नये, झटका येण्याची सुरुवातीची चिन्हे आणि नियमित झोप असे विषय होते. उरलेल्यांनाही तितक्याच बैठका मिळाल्या, पण त्या नुसत्या एकत्र बसण्याच्या. शिकलेल्या गटात आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी राहिले. यांतील झोपेचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण जागरण हे उन्मादाचा झटका सुरू होण्याचे एक नेहमीचे निमित्त आहे, आणि जत्रा, दशावतारी नाटके, शिगमो असे रात्रभर चालणारे सगळे कार्यक्रम आपल्याकडे नेमके एका हंगामात एकामागून एक येतात. नाटकाला जाऊ नका, असे मी कोणाला सांगत नाही. मध्यरात्री उठून घरी या आणि गोळी चुकवू नका, असे सांगतो. ते ऐकले जाते.

गोव्याचे नाव जगाच्या मनोविकार संशोधनात आले ते नैराश्यावरील कामामुळे, आणि आपल्या लोकांना याची कल्पना फार कमी आहे. पर्वरीला कार्यालय असलेली संगथ ही संस्था १९९६ मध्ये सुरू झाली, मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गोव्यातील दोन सरकारी इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागांतील ४५० जणांना तीन गटांत वाटण्यात आले होते: एका गटाला फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरील औषध, दुसऱ्याला प्लॅसिबो आणि तिसऱ्याला समुपदेशन. दोन महिन्यांच्या टप्प्यावर फ्लुऑक्सेटिन प्लॅसिबोपेक्षा सरस ठरले, समुपदेशन मात्र ठरले नाही. एखाद्याने येथेच निष्कर्ष काढून ठेवला असता की आपल्या लोकांना गोळी लागते, बोलण्याचा उपयोग नाही. या मंडळींनी तसे केले नाही, याचे मला कौतुक वाटते. समुपदेशन द्यायचे कोणी, कोठे आणि कशा पद्धतीने, याच्या मागे ते लागले.

२०१० मध्ये ‘मानस’ चाचणीचे निष्कर्ष आले. गोव्यातील बारा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी दवाखाने, मिळून २,७९६ रुग्ण. निम्म्या ठिकाणी एका समुपदेशिकेची नेमणूक केली गेली. ही समुपदेशिका मानसशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. स्थानिक, शिकलेली, सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेली स्त्री होती. सौम्य त्रास असेल तर आजाराची माहिती आणि ताण हाताळण्याचे मार्ग ती सांगे, अधिक असेल तर डॉक्टर गोळी देत किंवा तीच पुढील समुपदेशन करी, आणि त्याहून गंभीर असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणी होई. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण समुपदेशिका असलेल्या ठिकाणी ६५.९ टक्के होते आणि नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के.

खासगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक पडला नाही, आणि या संपूर्ण कामातील मला सर्वांत रंजक वाटणारा भाग तोच आहे. खासगी डॉक्टरांचे रुग्ण तसेही बऱ्यापैकी बरे होत होते. याचे एक संभाव्य कारण असे दिले जाते की गावातला खासगी डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो, त्याला थोडा अधिक वेळ देतो आणि रुग्ण पुन्हा त्याच्याकडेच येतो. ज्यांनी गोव्यातील जुन्या वळणाचे घरगुती डॉक्टर पाहिले आहेत, जे सासूच्या गुडघ्यांपासून नातवाच्या दहावीच्या निकालापर्यंत सगळे विचारतात आणि मगच नाडी पाहतात, त्यांना हे कारण पटायला जड जाणार नाही. सरकारी केंद्रात समुपदेशिकेने भरून काढली ती बहुधा हीच उणीव होती.

त्यानंतरचे काम अधिक नेमके होते. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण घेऊन केलेली चाचणी २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. सहा ते आठ भेटींत समुपदेशक रुग्णाबरोबर बसून एवढेच ठरवीत की या आठवड्यात कोणते छोटे काम करायचे: देवळापर्यंत चालत जायचे, बहिणीला फोन करायचा, बंद पडलेले शिवणयंत्र उघडायचे. नैराश्यात माणूस कामे टाकतो, कामे टाकली की मन अधिक खचते, आणि मन खचले की आणखी कामे टाकतो. हे चक्र मनाकडून न सोडवता कामाकडून सोडवायचे, असा त्यामागचा विचार. तीन महिन्यांनी त्या गटातील ६४ टक्के लोक नैराश्याच्या मर्यादेबाहेर आले होते. नेहमीचेच उपचार थोडे सुधारून मिळालेल्या गटात ३९ टक्के. समुपदेशक एकमेकांच्या ध्वनिमुद्रित भेटी ऐकून त्यांना गुण देत असत, ही व्यवस्था मला फार आवडली. आपल्याकडे प्रशिक्षण संपले की प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि त्यानंतर कोणी कोणाचे काम ऐकत नाही.

प्लॅसिबोचा विषय निघाला म्हणून थोडे आडवळण घेतो. २०१८ मध्ये नैराश्यावरील २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात १,१६,००० हून अधिक रुग्ण होते. सगळी औषधे प्लॅसिबोपेक्षा सरस निघाली, पण सरासरी फरक माफक होता, कारण प्लॅसिबो घेणाऱ्यांपैकीही पुष्कळांना बरे वाटते. गोमंतकीयांना याचे नवल वाटू नये. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा आहे ते आबे फारिया १७५६ मध्ये कांदोळीला जन्मले आणि १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करीत होते. त्या काळी समजूत अशी होती की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसला तरी चुंबकीय प्रवाह निघतो. फारियांचे म्हणणे असे की तसले काही नाही; जे घडते ते संमोहित होणाऱ्याच्या स्वतःच्या मनात, त्याच्या अपेक्षेतून आणि विश्वासातून घडते. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते वारले. पणजीतील आल्तिनोवरचे मनोरुग्ण इस्पितळ पूर्वी त्यांच्याच नावाने ओळखले जाई; आज ती संस्था बांबोळीला आहे. पुतळ्याखाली उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांना हे सांगावेसे वाटते की नव्या औषधांच्या चाचण्यांत कंपन्यांना आजही सर्वांत जास्त छळणारी गोष्ट तीच आहे, जी या गृहस्थांनी दोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिली.

स्किझोफ्रेनियाकडे परत येतो, कारण तेथे गोव्यातील यशाची गोष्ट इतकी गोड नाही. २०१४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका चाचणीत गोवा, सातारा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणचे २८२ रुग्ण होते. सगळ्यांना इस्पितळातील उपचार मिळत होते. त्यांपैकी १८७ जणांच्या घरी याशिवाय प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते वर्षभर जात राहिले. गोळ्या नियमित घेतल्या जातात का ते पाहायचे, घरच्यांना आजार समजावून सांगायचा, माणसाला पुन्हा कामाला लावायचे, सरकारी योजनांची कागदपत्रे करून द्यायची, अशी ती कामे. वर्षअखेरीस या गटातील लक्षणे आणि परावलंबित्व दुसऱ्या गटापेक्षा कमी होते, पण फरक मोठा नव्हता, आणि तिन्ही ठिकाणी तो सारखाही नव्हता. नैराश्यावरील चाचण्यांची जेवढी वाहवा झाली तेवढी याची झाली नाही.

मला हा अभ्यास कमी महत्त्वाचा वाटत नाही. वीस वर्षे घराबाहेर न पडलेला माणूस वर्षभराच्या भेटींनंतर सकाळी स्वतः जाऊन पदेराकडून पाव घेऊन येऊ लागला, तर मोजपट्टीवर तो थोडाच सरकतो. घरात मात्र एका म्हाताऱ्या आईचा सकाळचा अर्धा तास मोकळा होतो. ज्यांनी अशी घरे पाहिली आहेत ते थोड्या फरकाला थोडा म्हणणार नाहीत.

घरच्यांविषयी आणखी एक निष्कर्ष येथे सांगण्याजोगा आहे. रुग्णावर सतत टीका करणाऱ्या, त्याच्यावर चिडणाऱ्या घरांत स्किझोफ्रेनिया अधिक वेळा उलटतो, हे लंडनमधील अभ्यासांतून आधी पुढे आले. १९८० च्या दशकात चंडीगड येथे तोच अभ्यास झाला, तेव्हा अशी टीका तेथील घरांत लंडनपेक्षा कितीतरी कमी आढळली. हे वाचून आपली छाती फुगण्याआधी हे लक्षात घ्यावे की त्याला चार दशके होत आली, आणि एकत्र कुटुंबात जी चिडचिड आठ जणांत वाटली जात होती ती आता सदनिकेत एकट्या आईच्या किंवा बायकोच्या वाट्याला येते.

देवाधर्माचा मार्गही येथे टाळून चालणार नाही. आमच्याकडे औषध नेणाऱ्या बहुतेक घरांनी आधी घाड्याला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, विचारलेले असते, देवळात कौल लावलेला असतो, कोणी चर्चमध्ये नवस बोललेले असतात. यावर डॉक्टरांनी किंवा आम्ही हसलो तर ते लोक आमच्याकडे येणे बंद करतात, देवाकडे जाणे बंद करीत नाहीत. कौल होवो, प्रसाद होवो, गोळी त्याच्या जोडीने चालू द्या, एवढा आग्रह मी धरतो. मारहाण, कोंडून ठेवणे, अन्न तोडणे असे काही कानावर आले तर मात्र गप्प बसत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे आणि मनोरुग्णाला साखळदंडाने बांधणे त्यात स्पष्टपणे निषिद्ध आहे.

क्लोझापिनविषयी थोडक्यात. इतर औषधांनी गुण न येणाऱ्यांसाठी हे सर्वांत प्रभावी औषध आहे, हे १९८८ च्या २६८ रुग्णांवरील चाचणीने दाखवून दिले: क्लोझापिन घेणाऱ्या ३० टक्के रुग्णांत सुधारणा झाली, तर क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्या ४ टक्क्यांत. त्यापूर्वी १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणारे काही रुग्ण पांढऱ्या पेशी घटल्यामुळे दगावले होते. म्हणून सुरुवातीचे अठरा आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी करण्याची पद्धत आहे. सत्तरी तालुक्याच्या आतल्या भागातून दर आठवड्याला रक्त द्यायला येणे म्हणजे घरातील एका माणसाची एक दिवसाची मजुरी बुडणे. औषध परवडते, पण तपासणीला येणे परवडत नाही. क्लोझापिनवर असलेल्या माणसाला ताप येऊन घसा दुखू लागला, तर त्याला नुसती तापाची गोळी देऊन परत पाठवू नये, हे प्रत्येक औषधविक्रेत्याला पाठ असले पाहिजे.

काउंटरवर सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न मात्र वेगळाच असतो: किती दिवस घ्यायची? स्किझोफ्रेनियापुरते बोलायचे तर इंग्लंडमध्ये या प्रश्नावर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. वारंवार झटके येऊन गेलेल्या २५३ जणांपैकी निम्म्यांचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करण्यात आले. औषध कमी केले की माणसाचे एकूण वागणे-फिरणे, कामधाम सुधारेल अशी आशा होती. दोन वर्षांनी त्यात फरक दिसला नाही, आणि आजार उलटण्याचे प्रमाण औषध कमी केलेल्या गटात अधिक निघाले. तरीही मला वाटते की ज्याला औषध कमी करून पाहायचे आहे त्याने ते डॉक्टरांशी उघडपणे बोलावे. कारण न बोलता सोडणारेच जास्त असतात, आणि लिथियम तर एकदम सोडल्यावर उन्माद उसळून येण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. डॉक्टरांकडे लगेच जाणे जमत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून देशभर विनामूल्य चालू आहे.

औषधे सोडणारी माणसे कोण, ती केव्हा सोडतात आणि त्यांचे पुढे काय होते, हे शोधण्याचे एक साधन फिनलंड आणि स्वीडनमधील संशोधकांनी फार हुशारीने वापरले आहे. तेथे फार्मसीतून कोणी कोणते औषध कोणत्या तारखेला नेले याची राष्ट्रीय नोंद असते. ती इस्पितळात भरतीच्या नोंदीशी, नावे झाकून, जोडता येते. २०१७ मध्ये स्वीडनमधील २९,८२३ स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या अशा नोंदींतून दिसले की पुन्हा भरती होण्याचा धोका सर्वांत कमी होता तो क्लोझापिन घेणाऱ्यांत आणि काही आठवड्यांनी एकदा घ्यायच्या लांब पल्ल्याच्या इंजेक्शनांवर असणाऱ्यांत, म्हणजे जेथे चुकवायला जागाच कमी असते अशा उपचारांत. फिनलंडमधील ६६,८८१ रुग्णांच्या २००९ मधील अभ्यासात तर क्लोझापिन घेणाऱ्यांचा मृत्युदर सर्वांत कमी निघाला होता, ज्या देशात ते एकदा धोकादायक ठरले होते त्याच देशात.

तेथील संशोधकांनी वापरली ती माहिती, म्हणजे तारीख, औषध आणि किती पट्ट्या, आमच्या दुकानातील संगणकातही आहे, आणि गोव्यातील प्रत्येक फार्मसीत थोड्याफार फरकाने असणार. गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील किंवा बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेतील एखाद्या विद्यार्थ्याने, रुग्णांची संमती घेऊन आणि नावे वगळून, दहा-वीस दुकानांतील अशा नोंदी एकत्र केल्या तर पहिल्या चिठ्ठीनंतर दुसऱ्या महिन्यात किती जण परत येतात, पावसाळ्यात खेड्यांतील किती जणांचा खंड पडतो आणि कंपनी बदलून गोळीचा रंग बदलला की किती जण घाबरून थांबतात, हे कळू शकेल. तोपर्यंत आम्ही आमच्यापुरते एक करतो. ज्या घरांनी होकार दिला आहे त्यांची तारीख वहीत लिहून ठेवतो आणि गोळ्या संपण्याच्या चार दिवस आधी त्यांना फोन करतो. फोनवर आजाराचे नाव घेत नाही, ‘पार्सल तयार आहे’ एवढेच सांगतो.